गुरुजींचा जांभळ्या पिनेचा कीबोर्ड

कीबोर्ड बिघडला म्हणून दुकानात येणारा माणूस "कीबोर्ड बिघडला" असं कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, कॉम्प्युटर गेला. आदिलाबादच्या बसस्टँडमागे माझं दुकान होतं तोवर हे वाक्य मी सगळ्या भाषांत ऐकलं. शाळांतले, ऑफिसांतले तेलुगू लोक म्हणायचे, "अक्का, पनि चेस्तलेदु," म्हणजे ताई, काम करत नाही. बाजारातले दुकानदार हिंदीत सांगायचे, "मॅडम, पूरा बैठ गया." आणि जैनथ-बेलाकडचे आपले लोक ऑटोतून आणलेली पेटी काउंटरवर ठेवून म्हणायचे, "पाह्य बरं बाई, हे काऊन मेलं तं." पेटी आणलेली असायची, मॉनिटर आणलेला असायचा, कीबोर्ड मात्र घरी. तो बिघडू शकतो हे कोणाच्या डोक्यातच यायचं नाही.

त्यातले काही जण मला बघून थबकायचे.

"मेकॅनिक कुठं गेला?"

"मीच आहे."

"तसं नाई. मोठा मेकॅनिक?"

सुरुवातीला राग यायचा. पुढे पुढे मी सांगायला लागले, मोठा जेवायला गेलाय, तोवर मी बघते. मोठा जेवून येईपर्यंत त्यांचं काम झालेलं असायचं, आणि पुढच्या खेपेला ते मोठ्याची चौकशी करायचे नाहीत.

दुकान बंद करून आता काही वर्षं झाली. आता कोणी कीबोर्ड दुरुस्त करत नाही, नवा घेतात. त्याबद्दल माझी फार तक्रार नाही. पण एका कीबोर्डाबद्दल लिहायचं मनात राहून गेलं आहे. तो मी नीट केला होता, तो चालायलाही लागला होता. तरी त्याची आठवण निघाली की मला बरं वाटत नाही.

आधी थोडं कामाबद्दल सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

जुन्या कीबोर्डाच्या वायरीच्या टोकाला गोल पिन असायची, जांभळ्या रंगाची. माऊसची तशीच, पण हिरवी. पेटीच्या मागे जांभळं आणि हिरवं अशी दोन भोकं शेजारी शेजारी. जांभळी पिन हिरव्या भोकात घातली की कॉम्प्युटर गेला. गोल पिनेच्या आत सुईसारख्या बारीक तारा असतात. घाईत वाकडी दाबली की त्यातली एखादी वाकते, आणि कॉम्प्युटर गेला. आणखी एक म्हणजे मशीन हा कीबोर्ड फक्त सुरू होताना एकदा बघते. त्या वेळी तो जोडलेला नसेल तर नंतर कितीही दाबून लावा, ओळखत नाही. सगळं बंद करायचं, पिन लावायची आणि पुन्हा सुरू करायचं. सुरू होताना कीबोर्डाच्या उजव्या कोपऱ्यातले तीन बारके दिवे एकदा लुकलुकतात. मी सगळ्यात आधी त्या दिव्यांकडे बघायची. ते लुकलुकले तर कीबोर्डात जीव आहे.

माझी अर्धी दुरुस्ती एवढ्यातच व्हायची. उटनूरच्या एका ऑफिसात एक क्लार्क मला शपथेवर सांगत होते की टेबल उचललं की कीबोर्ड चालतो आणि खाली ठेवलं की बंद पडतो. त्यांनी त्यासाठी शिपायाला टेबल धरून उभं केलं होतं. टेबलाच्या पायाखाली वायर होती. एका जिनिंगमधल्या कीबोर्डची बटणं दबायचीच नाहीत. उघडला तर आत कापसाचा तंतू साचून साचून गादी झालेली. मालक म्हणाले, "बाई, आमच्याकडं तो बी झोपून राह्यला." अशा गोष्टी सांगायला मजा येते. गुरुजींच्या घरची गोष्ट तशी नाही.

गुरुजी म्हणजे जैनथच्या पुढे, पैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावातले निवृत्त शिक्षक. माझ्या थोरल्या भावाला त्यांनी शिकवलं होतं. नोकरी सगळी इंद्रवेल्लीकडच्या, उटनूरकडच्या शाळांत झाली. बायको, कौसल्याबाई, गावीच राहून शेत बघायच्या. लग्न झालं तेव्हा गुरुजी शिकत होते आणि बाई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायच्या. बाईंना अक्षरओळख नव्हती. सुट्टीत आलो की शिकवीन, असं गुरुजी दर वर्षी म्हणायचे. सुट्टीत ते यायचे तेव्हा शेतातली कामं असायची, मग मुलगा झाला, मग सासू आजारी पडली. ते शिकवणं राहिलं ते राहिलंच.

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत गुरुजींच्या घशात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. आवाज गेला. आयुष्यभर वर्गात बोललेला माणूस घरात मुका बसला. आणि त्यांचं दुखणं असं की पाटीवर लिहून दाखवलं तर गावातला कोणीही वाचू शकत होता, फक्त घरातली बाई सोडून.

त्यांचा मुलगा मिलिंद उटनूरला सरकारी नोकरीत आहे, क्लार्क. तो माझ्याकडे आला. "ताई, लिहिलेलं बोलून दाखवनारं काई असते काय?" असते, हे मला माहीत होतं. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशांसाठी काम करणाऱ्या नागपूरच्या एका संस्थेकडून मला मागे एक सीडी मिळाली होती. मराठी टाइप केलं की मशीन ते वाचून दाखवायची. माझ्याकडे कोणीतरी टाकून दिलेली एक पेटी होती, ती मी नीट केली, आणि एक जुना जाडजूड कीबोर्ड जोडला. तो मुद्दाम निवडला. गुरुजींचे हात थरथरायचे. हलक्या बटणांवर त्यांचं बोट ठेवलं की एक अक्षर चार वेळा उमटायचं. या जुन्या कीबोर्डची बटणं कडक होती, ठरवून दाबल्याशिवाय दबायची नाहीत. थरथरतं बोट त्यावर टेकून राहू शकायचं.

ती मशीन बोलायची कशी, तर पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कोणी एकसुरात वाचावं तशी. पहिल्या दिवशी गुरुजींनी टाइप केलं, चहा ठेव. मशीन म्हणाली, "चहा. ठेव." कौसल्याबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की चहा राहिलाच. "बाप्पा! हे तं डब्यात जाऊन बसले!"

पण महिन्याभरानंतर मी मशीन बघायला गेले तेव्हा घरात भांडण चाललेलं. मला रस्त्यावरूनच ऐकू आलं. मशीन म्हणत होती, "भाजीत. मीठ. नाही."

स्वयंपाकघरातून बाई म्हणाल्या, "डॉक्टरनं कमी खाले सांगतलं."

मग कटकट बटणांचा आवाज आणि मशीन, "डॉक्टर. जेवाले. येऊन. राह्यला. काय."

"येऊन राह्यला, अन् तुमाले इंजेक्शन घेऊन राह्यला!"

मी दारात उभी राहून हसत होते. आमच्या धंद्यात शाबासकी अशीच मिळते, कोणी हाताने देत नाही. त्या घरात मशीन कुठे आहे याकडे आता कोणाचं लक्षच नव्हतं. बाई चुलीजवळून उत्तर द्यायच्या ते नवऱ्याला.

अशी काही वर्षं चांगली गेली. मधूनमधून मी जायची, धूळ काढायची, एखादं बटण बदलायची. मग दुकानाचं सगळं उतरत गेलं, माझे गुडघे धरले, आणि मी दुकान बंद केलं. सामान विकलं, सीड्यांच्या चळती कोणी नेल्या, कोणी टाकल्या.

त्यानंतर एकदा मिलिंदचा फोन आला. आवाज उतरलेला होता. "ताई, नवी मशीन आनली बाबांसाठी. बाबांचा कीबोर्ड घेऊनच नाई राह्यली. एकदा येता काय?"

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेले. मिलिंद फाट्यावर गाडी घेऊन उभा होता. वाटेत त्याने सांगितलं. जुनी पेटी फार सावकाश झाली होती, मध्येच बंद पडायची, बाबांचं वाक्य अर्धं राहायचं. म्हणून त्याने पैसे जमवून नवी घेतली, मॉनिटरमध्येच सगळं असलेली, सपाट. दुकानवाल्याने जुनी पेटी बदल्यात घेतली. सोबत नवा कीबोर्डही दिला. पण तो हलका. गुरुजींनी पाणी असं टाइप केलं की स्क्रीनवर "प प प पा पा" उमटायचं. ते पुसत बसायचे, बोलायच्या बटणापर्यंत गोष्ट जायचीच नाही. मग गुरुजींनी पलंगाखाली ठेवलेला आपला जुना कीबोर्ड काढला. तो त्यांनी पेटीबरोबर जाऊ दिला नव्हता.

घरात गेले. "जय भीम गुरुजी." त्यांनी हात जोडले. कौसल्याबाई म्हणाल्या, "आली वं माय. पाह्य आता तूच. घर सुनं सुनं करून ठेवलं यानं." यानं म्हणजे मिलिंदनं. तो खाली मान घालून उभा.

नव्या मशीनला गोल भोकंच नव्हती. मिलिंदने बाजारातून एक बारकं जोड आणलं होतं, एका बाजूला जांभळी पिन घ्यायची, दुसऱ्या बाजूला चपटी, नव्या मशीनमध्ये जाणारी. ते लावून त्याने खूप खटपट केली होती. मी आधी सगळं बंद केलं, पिन बसवली, सुरू केलं आणि कोपऱ्यातल्या दिव्यांकडे बघितलं. दिवे लुकलुकले नाहीत.

पिन काढून उजेडात धरली. आतली एक तार वाकलेली होती. अशा वेळी मी रिकामी झालेली रिफिल वापरते. तिचं पोकळ टोक तारेवर चढवायचं आणि हलक्या हाताने सरळ करायचं. चिमट्याने गेलात तर तुटते. तार सरळ झाली. पुन्हा लावलं. दिवे नाहीत.

मग कीबोर्ड पालथा करून उघडला. मीटर लावला. वायर जिथे आत शिरते तिथे एक धागा तुटलेला निघाला, वर्षानुवर्षं त्याच जागी वळून वळून. तेवढा तुकडा कापून टाकला, तारा सोलल्या, आणि रंगाला रंग लावून सोल्डरचे डाग दिले. गुरुजी बाजूला बसून बघत होते. त्यांनी एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. मला घाई वाटू नये म्हणून असेल. पुन्हा लावलं. दिवे नाहीतच.

आता दोन शक्यता होत्या. कीबोर्ड मेलाय, किंवा मशीन त्याला समजून घेत नाही. हे ठरवायला एक जुनी मशीन पाहिजे होती. गावच्या शाळेत एक होती, चादर टाकून ठेवलेली. मुख्याध्यापक बाईंनी विचारलं, "कोणासाठी?" गुरुजींचं नाव सांगितल्यावर त्यांनी स्वतः चादर काढली. जांभळी पिन जांभळ्या भोकात घातली आणि मशीन सुरू केली. तिन्ही दिवे लुकलुकले. मी टाइप केलं, अक्षरं उमटली. मिलिंद एकदम म्हणाला, "चालला!"

चालला, पण शाळेत. म्हणजे आता दोष कीबोर्डात नव्हता, त्या बारक्या जोडात होता. मी मिलिंदला समजावलं. जुना कीबोर्ड एक भाषा बोलतो आणि नवी मशीन दुसरी. हे जोड फक्त पिनेचा आकार बदलतं, बोलणं बदलत नाही. काही कीबोर्डांना दोन्ही भाषा येतात, त्यांना ते पुरतं. याला एकच येते. याला मध्ये दुभाष्या पाहिजे, आत स्वतःची चिप असलेला. दिसायला वायरीचा तुकडाच, पण तो एका भाषेतलं दुसरीत सांगतो. आदिलाबादेत तो मिळणार नव्हता. मी तिथूनच हैदराबादला एका ओळखीच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, शोधावा लागेल, आठवडा तरी जाईल.

परत घरी येऊन हे सांगितलं. गुरुजींनी मान हलवली, ठीक आहे म्हणून. बाईंनी चहा केला. चहा पिताना गुरुजींनी पाटी ओढली आणि काहीतरी लिहायला लागले. बराच वेळ लिहिलं. पाटी मला दिसू नये अशी तिरपी धरलेली. लिहून झाल्यावर त्यांनी ती बाईंसमोर ठेवली आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

बाई पाटीकडे बघत राहिल्या. मग उठून दारातून शेजारी हाक दिली, "अवो संगीता, जरा वाचून दे वं इकडं येऊन."

शेजारची सून पदराला हात पुसत येत होती. ती उंबरठ्यापर्यंत यायच्या आत गुरुजींनी तळहाताने पाटी पुसून टाकली.

"पाह्य," बाई मला म्हणाल्या. "असंच करून राह्यले पंधरा दिवसांपासून. लिहिते अन् पुसते. मले समजत नाई अन् दुसऱ्याले सांगाचं नाई."

संगीता दारातच थांबली, मग हसून परत गेली. मिलिंद उठून अंगणात गेला. मी कप खाली ठेवला. मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं की त्या घरातून काय गेलं होतं. औषध, पाणी, जेवण हे खुणांनी भागत होतं. नवरा-बायकोचं जे बोलणं तिसऱ्यासमोर होत नाही, ते थांबलं होतं.

दुभाष्या यायला आठवड्याहून जास्त दिवस लागले. आला त्याच दिवशी मी निघाले. लावला, मशीन सुरू केली. जुन्या कीबोर्डचे तीन दिवे लुकलुकले. मला आजही तो क्षण आठवतो, कारण माझं काम तिथे संपलं होतं आणि मी खूश होते. गुरुजींनी खुर्ची पुढे ओढली. थरथरती बोटं बटणांवर टेकवली आणि सावकाश टाइप केलं. मग बोलायचं बटण दाबलं.

मशीनमधून एका बाईचा आवाज आला. गोड, स्वच्छ, शहरी, अजिबात न अडखळणारा. "आता मला बोलता येतं. इकडे ये, बस."

कौसल्याबाई दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "हे कोन बोलून राह्यली?"

"बाबा बोलून राह्यले, माय," मिलिंद म्हणाला.

"बाबा कायचे? बाई हाय ते." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माह्या नवऱ्याचं बोलनं म्या तिच्या तोंडून ऐकू काय?"

मी म्हटलं थांबा, पुरुषाचा आवाज लावते. नव्या मशीनमध्ये तोही होता. लावला. बाईंनी ऐकला. "हा तं बातम्या सांगून राह्यला."

आता जुना आवाज पाहिजे होता. तो प्रोग्राम ज्या सीडीतून घातला ती पेटीतच राहिली होती, आणि माझी प्रत दुकानाबरोबर गेली होती. मिलिंदने पेटी घेणाऱ्या दुकानदाराला फोन लावला. त्याने कधीच ती फोडून सुटे भाग वेगळे केले होते, उरलेलं भंगारात. मी मोबाइलवरून इंटरनेट जोडून शोधलं. त्याच जातीचा एक नवा प्रोग्राम मिळाला. तोच पत्र्याचा डबा, पण डबा जरा लहान, वेग जास्त. मी वेग कमी केला, आवाज जाड केला, पुन्हा पातळ केला. माझ्या कानाला तो अगदी जुन्यासारखा वाटायला लागला. गुरुजींनी टाइप केलं. मशीन बोलली.

बाईंनी डोळे मिटून ऐकलं. त्यांना मनापासून पटवून घ्यायचं होतं, हे दिसत होतं. मग त्या हळूच म्हणाल्या, "त्याइच्यासारखा हाय. पन ते नाई. हा भासरा बोलल्यासारखा वाटते." भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर आमच्याकडच्या जुन्या बाया पदर घेऊन बसतात, तोंड उघडत नाहीत.

कोणी हसलं नाही. गुरुजींनी मशीनचा आवाज बंद केला.

मिलिंद मला सोडायला फाट्यावर आला. बस दिसत नव्हती. तो म्हणाला, "ताई, जुना डबा घरातच ठेवला असता तं?" मी त्याला म्हटलं, तू चांगल्यासाठीच केलंस, हे कोणाला सुचणार होतं? ते खरंच होतं. मलाही सुचलं नव्हतं. एवढी वर्षं पेटीत काय काय असतं ते लोकांना सांगत आले, पण त्या घरातल्या पेटीत एका माणसाचा आवाज होता, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी बाईंनी शेजारणीच्या मोबाइलवरून मला फोन केला. "पोरी, त्या मशीनमधले अक्षरं मोठे करता येते काय? लय मोठे. हातायेवढे."

"येतात. काऊन?"

"म्या शिकून राह्यली."

मी गेले. कापूस वेचणीचे दिवस होते, अंगणात गाठोडी पडलेली. आत गुरुजी खुर्चीत आणि बाई शेजारी पाटावर. मी अक्षरं मोठी करून दिली, स्क्रीनवर दोन-तीनच मावतील एवढी. गुरुजींनी एक बटण दाबलं. बाई म्हणाल्या, "प." दुसरं दाबलं. "पा." तिसरं, चौथं. बाई बराच वेळ बघत राहिल्या. "पा... णी. पानी!" त्या उठल्याच. "पानी पाह्यजे काय?"

गुरुजींनी मान हलवली, नको. पाटाकडे बोट दाखवलं, बस. त्यांना पाणी नको होतं. ते शिकवत होते. चूक झाली की ते टेबलावर बोटाने टकटक करायचे, आणि बाई चटकन पुन्हा बघायच्या, वर्गातल्या मुलीसारख्या.

मिलिंद म्हणाला की आता घरात असंच चालतं. बाबा टाइप करतात, माय मोठ्याने वाचते. तिच्याच आवाजात. मग तीच त्याला उत्तर देते. "भाजी बरी झाली," असं ती अडखळत वाचते आणि म्हणते, "बरी कायची, जळली ना." बाबा फक्त सोपे शब्द लिहितात, जोडाक्षरं अजिबात येऊ देत नाहीत. ती पुढच्या वर्षी, असं त्यांनी ठरवलं होतं. शाळेत असंच शिकवायचे ते, आधी साधी अक्षरं पक्की, मग जोडाक्षरं.

मी त्या दिवशी फार आनंदाने घरी आले. दुभाष्या, दिवे, डाग, सगळं कारणी लागलं असं वाटलं.

उन्हाळा लागायच्या आत गुरुजींच्या छातीत कफ भरला. आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं, तिथून नागपूरला नेऊ म्हणत होते, तोवर ते गेले. मी मातीला पोचू शकले नाही. गुडघ्यांमुळे नाही, मला कळलंच उशिरा.

दिवस झाल्यावर भेटायला गेले. मिलिंद उटनूरला कामावर रुजू झाला होता. बाई एकट्याच ओसरीवर बसल्या होत्या. मला बघून रडल्या, मग पाणी आणलं. आम्ही बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. शेत यंदा बटईने दिलं, सोयाबीन लावणार आहेत. समोरच्या रस्त्यावरून महाराष्ट्राची लाल बस गेली. बाई बोलता बोलता थांबल्या, मान वळवून बसच्या पाटीकडे बघत मोठ्याने म्हणाल्या, "को... र... प... ना. कोरपना." मग माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखं हसल्या.

"किती छान वाचता हो," मी म्हटलं.

"सोपं सोपं येते. जोडून आलं का अडते." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "माह्यं नाव बी नाई वाचता येत मले. त्यात जोडून हाय म्हने एक."

कौसल्या. ल आणि य. मला ते कधी सुचलं नव्हतं. ज्या बाईसाठी तो माणूस सगळी बोटं सांभाळून टाइप करायचा, तिचं नाव त्याने तिला वाचायला दिलं नव्हतं, कारण ते अजून तिच्या अभ्यासात आलं नव्हतं.

मी पर्समधून पेन काढलं. "द्या इकडं हात. आता लिहून दाखवते. एकच जोडाक्षर आहे, लगेच येईल."

त्यांनी हात पुढे केला. मी पेनाचं टोपण काढलं, तसा त्यांनी तो सावकाश मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "ते त्याइच्याकडून शिकाचं होतं."